तुमच्या शब्दावर घेतलं, मॅडम

संपादकांचा फोन आला तेव्हा मी सरळ नाही म्हणणार होते. पण या अंकाच्या कचेरीतला प्रिंटर माझ्या सांगण्यावरून घेतलेला आहे आणि तो हल्ली दोन-दोन कागद ओढतो, हे त्यांनी आधी सांगितलं आणि मग लेखाचं विचारलं. या क्रमानं विचारल्यावर माणूस काय बोलणार? प्रिंटर काही मला दुरुस्त करता येत नाही, म्हणून लेख लिहिते आहे.

धाराशिवात मी सव्वीस वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. लोकांना वाटतं क्लास म्हणजे शिकवणं. शिकवणं सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. मधला सगळा दिवस जायचा तो सल्ला देण्यात. लॅपटॉप कुठला घ्यावा, प्रोग्रामिंग कुठून शिकावं, पोराला पुण्याच्या क्लासला घालावं की फुकटचे व्हिडिओ बघावेत, दुकानाची वेबसाइट कुणाकडून करून घ्यावी आणि ती कुठल्या कंपनीच्या जागेवर ठेवावी. या सल्ल्याचे पैसे मी कधी घेतले नाहीत. दुकानदारांनी कमिशन देऊ केलं तेही घेतलं नाही, आणि त्याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. आता वाटतं, घ्यायला हवं होतं. फुकट सल्ला देणाऱ्या बाईला लोक तज्ज्ञ समजत नाहीत, नातेवाईक समजतात.

आमच्या भागात सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थाचं काम लग्नाच्या दिवशी संपत नाही, तिथून सुरू होतं. पंधरा वर्षांनी जावई सासऱ्याशी बोलेनासा झाला, तरी माणसं मध्यस्थाच्या ओट्यावर येऊन बसतात. वस्तूंच्या बाबतीतही तोच नियम आहे, हे मला धंद्यात पडल्यावर कळलं. बेंबळीच्या एका गुरुजींनी माझ्या सांगण्यावरून लॅपटॉप घेतला. चार वर्षं तो उत्तम चालला, त्या चार वर्षांत गुरुजींचा एकदाही फोन नाही. पाचव्या वर्षी नातवानं त्यावर चहा सांडला आणि गुरुजी पहिल्या गाडीनं क्लासवर हजर.

"तुम्हीच सांगितला होता हा," ते म्हणाले.

"गुरुजी, चहा मी नाही सांडला."

"तसं न्हाय म्हणत मी. पण घेताना तुम्ही बोलला न्हाय, चहा चालत न्हाय म्हणून."

गुरुजी रागावलेले नव्हते, ही यातली खरी अडचण. रागावलेल्या माणसाला परत पाठवता येतं. ते नुसते शांतपणे समोर बसून राहिले, लॅपटॉप मांडीवर घेऊन, आजारी मूल आणल्यासारखे. शेवटी मीच तो सोलापूरला पाठवून कीबोर्ड बदलून आणला.

दुसरे आमचे दस्तगीरभाई. लोखंडी गेट, जिने, शटर बनवतात. त्यांना वेबसाइट करायची होती. मी एका परदेशी कंपनीचं नाव सांगितलं, जी साइट ठेवायला जागा भाड्यानं देते. ती चांगली का, हे मी दहा मिनिटं समजावलं. दस्तगीरभाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालिक कौन है उसका? किधर का है?"

मी म्हटलं, मालक असा एक नसतो, मोठी कंपनी आहे, हजारो लोक काम करतात.

"मैं उनकू नै देख्या, मॅडम. तुमकू देख्या. साइट बंद पडी तो मैं तुम्हारे घरकू आतूं."

साइट दोनदा बंद पडली आणि ते दोन्ही वेळा आले. दुसऱ्या वेळी सोबत बायकोलाही घेऊन आले, माझी ओळख करून द्यायला.

हल्ली लोक मोबाईललाच विचारतात. त्यात आता बोलणारं यंत्र आलं आहे, ते काहीही विचारलं तरी न दमता उत्तर देतं. मला वाटलं, सुटले. तर आता माणसं त्याचं उत्तर घेऊन माझ्याकडं येतात आणि विचारतात, "मॅडम, ह्ये असं म्हणतंय, खरं हाय का?" म्हणजे पूर्वी एकच प्रश्न होता, आता प्रश्नही मी तपासायचा आणि उत्तरही. क्लास बंद करून तीन वर्षं झाली, तरी हे चालूच आहे.

प्रोग्रामिंग कुठून शिकावं, या प्रश्नाला मात्र मी एक कायमचा तोडगा काढला होता. एका कागदावर तीन ओळी लिहिल्या होत्या. आधी अमुक सरांची व्हिडिओमाला, पंचवीस धडे, फुकट. मग अमुक पुस्तक. मग सरावाची अमुक साइट. त्याच्या झेरॉक्स काढून टेबलाच्या खणात ठेवल्या होत्या आणि कोणी आलं की एक चिठ्ठी हातात द्यायची. "मन लावून करा, क्रम मोडू नका," एवढं वरून बोलायचं. त्या चिठ्ठीवर जिल्ह्यातली कितीतरी पोरं शिकली आणि नोकरीला लागली. चिठ्ठीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची आहे, पण ती जरा पुढं सांगते, कारण ती सांगायला मला लाज वाटते.

आता ते प्रकरण, ज्यासाठी हा लेख लिहायला बसले.

माझं माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचं. तुळजापूरला आमचे पिढीजात पुजारी आहेत. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, तिथं देवीच्या पुजाऱ्यांची घराणी आहेत आणि बाहेरगावचं प्रत्येक कुटुंब कुठल्या तरी घराण्याचं यजमान असतं. यजमान आला की पुजारी वही काढतो, गाव विचारतो, आडनाव विचारतो आणि तुमच्या पणजोबांचं नाव तुम्हालाच सांगतो. यजमानही वहीत आपल्या हातानं दोन ओळी लिहून जातो. ही वही म्हणजे पुजाऱ्याची खरी इस्टेट. वही गेली तर कोण यजमान आपला आणि कोण परका, हे पुजाऱ्याला सांगता येत नाही, आणि यजमान दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसतो.

आमचे पुजारी म्हणजे तीन भाऊ. थोरले दत्तूअण्णा, सत्तरी ओलांडलेले. मधला विलास, शाळेत कारकून होता, आता निवृत्त. धाकटा मुकुंद. वर त्यांची आई, माई. क्लास जोरात चालू होता त्या काळात एक दिवस अण्णा पिशवीत वही घालून आले. कापडात बांधलेली, उशीएवढी जाड, सुरुवातीची पानं मोडी लिपीत.

"ताई, पान उलटलं की तुकडा पडतोय," अण्णा म्हणाले. "काय तर इलाज सांगा."

मी इलाज सांगितला. एक परदेशी कंपनी होती, तिची सेवा फुकट होती. आपणच रकाने ठरवायचे, माहिती भरायची आणि मग कुठूनही मोबाईलवर गाव टाकून शोधायची. हे समजावून सांगायला मी तुळजापूरला त्यांच्या घरी गेले, तेव्हा माईंनी एकच प्रश्न विचारला.

"फुकट करतोय म्हणतीस, तर त्येचं पोट कशावर चालतंय?"

मी हसले. त्या हसण्याचं मला पुढं फार वाईट वाटलं.

दोन उन्हाळे काम चाललं. अण्णा रोज एसटीनं क्लासवर येऊन वही वाचून दाखवायचे, माझ्या दोन विद्यार्थिनी टाइप करायच्या. रकाने मी ठरवले होते. गाव, आडनाव, नाव, मागच्या पिढ्या, कधी आले, फोन. काम संपलं आणि पहिल्याच महिन्यात बिदरकडचं एक कुटुंब आलं. त्यातल्या आजोबांनी चपला काढून ओसरीवर पाय ठेवेपर्यंत अण्णांनी मोबाईलवरून त्यांच्या तीन पिढ्या म्हणून दाखवल्या. शेजारच्या घरातले पुजारी दारात येऊन बघत राहिले. अण्णांनी त्या दिवशी माझ्याकडं पेढे पाठवले.

त्या आनंदाच्या भरात मी अण्णांना आणखी दोन सल्ले दिले. एक, पासवर्ड अधूनमधून बदलत जा. दोन, आता वहीची काही गरज उरली नाही. माझे तिन्ही सल्ले बरोबर होते, हे मी आजही कुणाशीही वाद घालून सिद्ध करीन.

गेल्या वर्षी एका सोमवारी विम्याचा कुठलासा कागद शोधायला मी माझी जुनी मेलपेटी उघडली. क्लासच्या काळातली, वर्षभरात बघितलेली नव्हती. तिच्यात त्या कंपनीची पत्रं पडून होती. पहिलं तीन महिन्यांपूर्वीचं. प्रिय ग्राहक, आम्ही सेवा बंद करत आहोत, आपली माहिती काढून घ्या. शेवटचा दिवस येणारा शुक्रवार. त्यानंतर सगळं पुसलं जाईल. खातं मीच उघडून दिलं होतं, त्यामुळं पत्रं माझ्याकडं आली. पोट कशावर चालतंय, या माईंच्या प्रश्नाचं ते लेखी उत्तर होतं.

मी लगेच अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं आणि धीरही दिला. "घाबरायचं कारण नाही अण्णा. वही आहे. फार तर पुन्हा टाइप करू."

"वही कुठंय आता, ताई. सोडली की."

"सोडली म्हणजे?"

"नळदुर्गच्या बाजूला, बोरी नदीत. चांगला मुहूर्त बघून. नैवेद्य दावला, माईनं वहीची ओटी भरली. तुम्हीच म्हणला न्हवं, गरज उरली न्हाय म्हणून? मग जीर्ण झालेली वही घरात कशाला ठिवायची? अन् ती काय रद्दीत घालता येतीय व्हय?"

गरज उरली नाही, हे मी ज्या अर्थानं म्हणाले होते त्या अर्थानं माणूस कपाटात ठेवतो. अण्णांच्या घरात पवित्र गोष्टीची गरज संपली की तिला मानानं पाण्यात सोडतात. दोन्ही माणसं आपापल्या जागी शहाणी होती आणि शंभरावर वर्षांच्या नोंदी आता एका परदेशी कंपनीच्या मशीनमध्ये चार दिवसांच्या पाहुण्या होत्या. पुढं कर्नाटकातून, तेलंगणातून कोणी आलं, तर अण्णा त्याला काय म्हणणार, आपण कोण?

मंगळवारी सकाळी मी तुळजापूर गाठलं. ओसरीवर अण्णा आणि विलास मोबाईल मध्ये ठेवून बसले होते, चेहरे सुतकी.

"पासवर्ड टाका," मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग जे कळलं ते असं. देवीच्या पूजेची पाळी घराण्यात वाटून घेतलेली असते. इतके दिवस या भावाची, इतके दिवस त्या भावाची. पासवर्ड अधूनमधून बदला, असं मी म्हणाले होते. अधूनमधून म्हणजे कधी, याचा या तिघांनी आपल्या रीतीनं निकाल लावला होता. ज्याची पाळी, त्याचा पासवर्ड. पाळी बदलली की नव्या भावानं कुलूप बदलायचं, म्हणजे जुन्याला दुसऱ्याच्या दिवसांत यजमानांना परस्पर फोन करता येणार नाही. कुलूप बदलताना जुना भाऊ शेजारी बसून आपला पासवर्ड घालून द्यायचा आणि नव्याचा घालताना भिंतीकडं तोंड करायचा. इतकी वर्षं हे भांडण न होता चाललं होतं. जगातल्या कुठल्याही बँकेत इतकी शिस्त नसेल.

"मग आता कुणाची पाळी?"

"मुकुंदाची," विलास म्हणाला. "सकाळपास्नं देवळात हाय, सोवळ्यात. आमी आपलं अंदाजानं घालून बघायलोय. देवीची सगळी नावं झाली. आता खंडोबा, भैरोबा चाललंय. तीन चुकली की तासभर खातं बंद पडतंय."

पासवर्ड विसरलो, असं कळवलं तर कोड येतो, पण तो माझ्या मेलवर नाही; कुलूप बदलताना ज्याची पाळी त्याचाच नंबर घालायचे, म्हणून मुकुंदच्या मोबाईलवर. मोबाईल मुकुंदच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली मुकुंदच्या कमरेच्या करगोट्याला. मुकुंद रात्री उशिरा परतणार आणि हातात तीनच दिवस, वाट बघायची सोय नव्हती. मी देवळात गेले.

मुकुंद दिसला, पण भक्तांच्या गर्दीत. सोवळ्यातल्या माणसाला शिवता येत नाही, त्याच्या हातात मोबाईल देता येत नाही, आणि दोन्ही बाजूंना दुसऱ्या घराण्यांचे पुजारी उभे. मी लांबूनच हाक मारून म्हटलं, "मुकुंद, पासवर्ड पाहिजे. शुक्रवारी सगळं पुसतंय."

मुकुंदचा चेहरा पडला. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. दोन्हीकडच्या पुजाऱ्यांनी कान टवकारले होते. मग त्यानं समोरच्या तबकातलं एक विड्याचं पान उचललं, पाठ फिरवली, आणि नखानं त्यावर बराच वेळ काहीतरी कोरत राहिला. आणि मग मला खुणेनं पुढं बोलावून, सगळ्यांना प्रसाद देतात तसं ते पान दुमडून वरून माझ्या ओंजळीत टाकलं. "घरी जाऊनच उघडा, ताई," म्हणाला.

मी रस्त्यावर येताच आधी त्या पानाचा फोटो काढला, एवढी अक्कल मला सव्वीस वर्षांत आली होती. पानावर मुकुंदच्या सासुरवाडीच्या गावाचं नाव होतं आणि पुढं तीन आकडे. ओसरीवर ते वाचल्यावर विलास म्हणाला, "बघा, देवाच्या आधी सासुरवाडी." अण्णा हसले नाहीत.

कुलूप उघडलं. आतल्या सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या. पण फुकटवाल्यांना एक एक नोंद उघडून नुसती बघता येत होती. सगळं एकदम उतरवून घ्यायचं बटण पैसे भरणाऱ्यांसाठी होतं. विलास म्हणाला, भरू पैसे. तर कंपनीच बंद होत होती, ती पैसे घ्यायलाही तयार नव्हती. नोंदी हजारोंनी. हातानं उतरवत बसलो असतो तर शुक्रवारपर्यंत वाशी तालुकाही संपला नसता.

अशा वेळी एक छोटा प्रोग्राम लिहावा लागतो, जो माणसासारखा एक एक नोंद उघडतो आणि आपल्याकडं लिहून ठेवतो. मी रेश्माला फोन लावला. रेश्मा माझी विद्यार्थिनी, मेंढरं राखणाऱ्या घरातली, बेंबळीची. माझ्या चिठ्ठीवर शिकली आणि आता पुण्यात एका कंपनीत प्रोग्रामर आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सोपं हाय, मॅडम. पण मला शनिवारपर्यंत मान वर काढायला सवड न्हाय, आमचं काम अडलंय इथं. तुम्हीच करा. तुमच्या चिठ्ठीतल्या सरांच्या सातव्या धड्यात हेच शिकवलंय की."

"हो, हो," मी म्हटलं.

"आठवतंय ना? सर वाचनालयाचं उदाहरण घेतात?"

"आठवतंय ना. चांगलं आहे ते उदाहरण."

"मॅडम, सातव्यात वाचनालय न्हाय. तुम्ही बघितलेलाच न्हाय तो धडा."

मघाशी जी गोष्ट पुढं ढकलली, ती हीच. त्या पंचवीस धड्यांतले मी तीन बघितले होते. तीन चांगले वाटले, म्हणून चिठ्ठी लिहिली. पुस्तकाची अनुक्रमणिका वाचली होती. सरावाच्या साइटवर माझं नाव नोंदवलेलं आहे, बाकी तिथं माझं काही नाही. मन लावून करा, क्रम मोडू नका, असं मी शेकडो पोरांना सांगितलं, आणि त्यांनी ते केलं. मला वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे चौथा धडा अवघड होता.

"तिसऱ्यापर्यंत बघितलंय," मी रेश्माला म्हटलं.

मला वाटलं ती चिडेल. ती इतकी हसली की शेजारी कोणीतरी तिला काय झालं म्हणून विचारलेलं मला फोनवर ऐकू आलं. मग म्हणाली, "मग आज चौथ्यापासून सुरू करा. क्रम मोडू नका."

बुधवारचा सगळा दिवस मी घरी चौथा, पाचवा, सहावा आणि सातवा धडा केला. आमचे हे गणिताचे शिक्षक, निवृत्त. त्यांना अशी संधी आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. दर तासाला चहा घेऊन यायचे आणि विचारायचे, "गृहपाठ झाला का?" सातव्या धड्यातले सर चांगलं शिकवतात, हे मी आता स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकते. उदाहरण किराणा दुकानाचं आहे.

गुरुवारी सकाळी माझा प्रोग्राम चालला. तासाभरात हजारो नोंदी उतरल्या. मी अण्णांना फोन करून ओरडलेच की झालं. मग यादी उघडली. पहिल्या ओळीत भूमजवळच्या एका गावचे कुणी तुकाराम होते, सहकुटुंब. दुसऱ्या ओळीतही तेच तुकाराम. दहाव्या ओळीत तुकाराम, शेवटच्या ओळीत तुकाराम. माझ्या प्रोग्रामनं पहिलीच नोंद हजारो वेळा मनापासून उतरवली होती.

"मोजणी पुढं सरकवायची राहिली, मॅडम," रेश्मा फोनवर म्हणाली. "सगळ्यांचं पहिल्यांदा असंच होतंय." तिनं सांगितल्याप्रमाणे मी एक ओळ घातली. आता प्रत्येक नोंद खरंच उघडायची असल्यानं प्रोग्राम रात्रभर चालला. शुक्रवारी जेवणाच्या वेळेपर्यंत सगळी वही माझ्या कॉम्प्युटरवर उतरली, आणि यावेळी मी आरडाओरडा न करता आधी यादी शेवटपर्यंत तपासली. मग तिच्या तीन प्रती केल्या. दुपारी अण्णांना फोन केला तर ते म्हणाले, "थांबा, माईला सांगतो," आणि मग फोनवर नुसतं त्यांचं नाक ओढलेलं ऐकू आलं.

खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. पण सगळं वाचलं म्हटल्यावर मी वाशी टाकून वडिलांची नोंद शोधली. वडील तलाठी होते. अक्षर असं की लोक सातबारा घेताना त्यांच्याकडूनच लिहून मागायचे. ज्या वर्षी मी क्लास काढला, त्या वर्षी ते मला घेऊन तुळजापूरला गेले होते आणि वहीत त्यांनी चार-पाच ओळी लिहिल्या होत्या. मी मागे उभी होते, पण वाकून बघितलं नाही. गाव, आडनाव, नाव, मागच्या पिढ्या, सगळं नीट होतं. ओळी नव्हत्या. असणार कशा? लोकांनी काय लिहिलं, यासाठी मी रकानाच ठेवलेला नव्हता.

वडील जाऊन नऊ वर्षं झाली. त्या ओळी नदीत गेल्या, माझ्या शब्दावर. मी त्या दिवशी जेवले नाही. आमच्या ह्यांनी ताट झाकून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात छापलेले कागद घेऊन तुळजापूरला गेले तेव्हा अण्णांना विचारलं, "आमच्या वडिलांनी काय लिहिलं होतं, आठवतं का?"

अण्णांनी डोळे मिटून बराच वेळ विचार केला. "मजकूर ध्यानात न्हाय, ताई. निळी शाई होती. अन् एके ठिकाणी खोडलं होतं. तुमचे वडील कधी खोडत नसत, म्हणून तेवढं ध्यानात राहिलं."

अण्णांनी नवी वही शिवून घेतली होती, जाड कागदाची, लाल कापडाच्या बांधणीची. कुठली वही घ्यावी, हे यावेळी त्यांनी मला विचारलं नव्हतं. छापील कागदांवरून तिघं भाऊ आता पाळीपाळीनं हातानं नोंदी उतरवणार होते. त्यांनी वाशीचं पान काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "तुमच्या घराण्याचं तुम्हीच लिवा."

मी वडिलांचं नाव लिहिलं, आजोबांचं लिहिलं, माझं आणि मुलांचं लिहिलं. इतक्या वर्षांच्या टायपिंगनंतर माझं अक्षर लहान पोरासारखं झालं होतं. मग माझ्या नावाखाली एक ओळ लिहिली, कारण ती कुठंतरी लिहून ठेवणं भाग होतं. "जुनी वही हिच्या सांगण्यावरून पाण्यात सोडली. तीत वडिलांच्या हातच्या ओळी होत्या."

अण्णांनी चष्मा लावून ते वाचलं. विलासनं वाचलं. माईंनी वाचून दाखवायला लावलं.

"हे कशाला लिवलं?" अण्णा म्हणाले.

"खरं आहे म्हणून."

अण्णांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या ओळीखाली त्यांच्या वळणदार अक्षरात सावकाश लिहिलं, "आम्हीही पुन्हा विचारलं नाही." खाली सही केली, आणि शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घालत राहिले.